‘ओव्हरलुक’ म्हणजे नीट पाहणं का होत नाही? ‘ओव्हर’च्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम पाहता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा. ग्राहकाला तपासणीचा रिपोर्ट पाठवताना तुम्ही मेलमध्ये लिहिलंत, ‘काइंडली ओव्हरलुक द अटॅच्ड रिपोर्ट.’ तुम्हाला म्हणायचं होतं की रिपोर्ट नीट पाहून घ्या. तिकडून उत्तर आलं की दुर्लक्षच करायचं असेल तर रिपोर्ट पाठवला कशाला? साहेबांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं आणि ते तुमच्या मनाला लागलं. आता तुम्ही विचारताय की ‘ओव्हर’ म्हणजे ‘जास्त’ असं शाळेत शिकवलं होतं, मग ‘ओव्हरलुक’ म्हणजे ‘जास्त पाहणं’ का होत नाही? शिवाय ओव्हर, हायपर, सुपर, अल्ट्रा लागून होणाऱ्या शब्दांची यादी हवी आहे, पाठ करण्यासाठी.

मी नाशिकमध्ये गेली सव्वीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. सातपूर-अंबडचे सुपरवायझर, दिंडोरी-पिंपळगावचे द्राक्ष पाठवणारे बागायतदार, दवाखान्यांतल्या नर्स असे सगळे संध्याकाळच्या वर्गाला येतात. तुमची चूक मी दर बॅचला पाहते, आणि ती हुशार माणसाकडूनच होते. कारण तुम्ही शब्द फोडून पाहिलात, दोन तुकड्यांचे अर्थ जोडलेत आणि एक उत्तर काढलंत. तुमची रीत बरोबर होती. एका तुकड्याचा अर्थ तुम्हाला अर्धाच सांगितला गेला होता. त्यामुळे दोनशे शब्दांची यादी पाठ केलीत तरी दोनशे एकाव्या शब्दाला पुन्हा तीच अडचण येईल. म्हणून आधी तो तुकडा नीट करू.

‘ओव्हर’चा पहिला अर्थ ‘जास्त’ नाही, ‘वर’ आहे. आणि इंग्रजी ‘ओव्हर’ व मराठी ‘वर’ हे मुळात एकाच घरातले शब्द आहेत. संस्कृतातल्या ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ झालं आणि मराठीत ते ‘वर’ होऊन राहिलं. ज्या प्राचीन मुळातून ‘उपरि’ आलं, त्याच मुळातून ग्रीकमध्ये ‘हायपर’ आलं, लॅटिनमध्ये ‘सुपर’, जर्मनमध्ये ‘उबर’ आणि इंग्रजीत ‘ओव्हर’. लॅटिनचं ‘सुपर’ फ्रेंचमध्ये झिजून ‘सर’ झालं. सरचार्ज आणि सरप्लसमध्ये दिसतं ते हेच. म्हणजे तुम्ही विचारलेल्या चारपैकी तीन तुकडे सख्खी भावंडं आहेत, आणि मराठीतला त्यांचा भाऊ तुम्ही लहानपणापासून बोलताय.

हे मी व्युत्पत्तीची हौस म्हणून सांगत नाही, याचा रोजच्या कामात उपयोग होतो. आपला ‘वर’ काय काय कामं करतो ते बघा. ‘टेबलावर’ म्हणताना तो जागा दाखवतो. ‘संकटावर मात’, ‘शत्रूवर विजय’ म्हणताना ताकद दाखवतो. ‘शंभराच्या वर माणसं आली’ म्हणताना आकडा ओलांडल्याचं सांगतो. ‘वरकमाई’ म्हणजे ठरलेल्या पगारापलीकडची कमाई. ‘वरखर्च’ म्हणजे मुख्य खर्चावर चढणारा खर्च. कारखान्याच्या हिशेबात ‘ओव्हरहेड’ म्हणतात तो भाडं, वीज, ऑफिस यांचा खर्च तरी दुसरं काय आहे? ‘वरचढ’ म्हणजे दुसऱ्यापेक्षा ताकदीने वर चढलेला. ‘वरताण’ म्हणजे आधीच्याला मागे टाकणारा. आणि ‘वरवर’? वरवर पाहणं म्हणजे नजर वरच्यावर फिरवणं, आत न शिरणं.

इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजर एखाद्या गोष्टीच्या वरून निघून जाणं. नजर गेली, पण त्या गोष्टीवर ठरली नाही, म्हणून ती गोष्ट राहून गेली. ‘रिपोर्ट वरवर पाहिला आणि चूक नजरेतून सुटली’ हे आपण म्हणतोच. इंग्रजीने ती सगळी घटना एका शब्दात बसवली. याच शब्दाचा दुसरा अर्थ बघा. ‘द विंडो ओव्हरलुक्स द रिव्हर’ म्हणजे खिडकीतून नदी दिसते, कारण खिडकी उंचावर आहे आणि नजर वरून खाली जाते. गोदाकाठच्या जुन्या वाड्याच्या माडीवर उभं राहा, म्हणजे हा अर्थ पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

‘ओव्हरहिअर’ हा शब्दही ‘जास्त ऐकणं’ म्हणून सोडवता येत नाही. मराठीत आपण काय म्हणतो? ‘जाता जाता माझ्या कानावर पडलं.’ ऐकायला कोणी बसलं नव्हतं, बोलणं दुसऱ्यासाठी होतं, ते आपल्या कानावर आलं. ‘ओव्हरकम’ म्हणजे संकटावर मात. ‘ओव्हररूल’ म्हणजे एकाच्या निर्णयावर दुसऱ्याने आपला निर्णय ठेवणं. ‘ओव्हरव्हेल्म’मधला ‘व्हेल्म’ हा जुना शब्द, अर्थ उलटं करून झाकणं, बुडवून टाकणं. ‘पाणी डोक्यावरून गेलं’ हे आपलं म्हणणं त्याच्या अगदी जवळ आहे. ‘ओव्हरसीज’ म्हणजे समुद्रापलीकडचं. जास्त समुद्र असा अर्थ लावून हा शब्द कोणालाही कळणार नाही.

मग ‘जास्त’ हा अर्थ आला कुठून? नाशिककराला हे समजावणं सोपं आहे. गोदेला पूर आला की आपण पहिलं काय विचारतो? पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की गळ्यापर्यंत? मारुती तिथे उभा आहे म्हणून पाणी मोजता येतं. मोजायला खूण असेल तरच ‘वर गेलं’ या शब्दांना अर्थ येतो, आणि ती खूण ‘इथपर्यंत ठीक’ अशी असेल तर ‘वर’चं ‘जास्त’ होतं. शंभराच्या वर माणसं आली हे नुसतं मोजणं झालं. जेवण शंभराचंच सांगितलं असेल तर तीच माणसं जास्त झाली. माणसं तेवढीच, फक्त आता शंभर ही मर्यादा झाली.

आपल्या ‘अति’चंही असंच आहे. ‘अति’ म्हणजे मुळात ‘ओलांडून, पलीकडे’. अतिक्रमण म्हणजे जास्त चालणं नव्हे, हद्द ओलांडणं. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांपलीकडचं. आणि अतिवृष्टी म्हणजे प्रमाणाबाहेर पाऊस. तिथेही प्रमाण ठरलेलं आहे: महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, कारण नुकसानभरपाई त्यावर ठरते. अतिक्रमण आणि अतिवृष्टी या दोन शब्दांत ‘अति’ दोन कामं करतो आणि आपण कधी गोंधळत नाही. ‘ओव्हर’ही हीच दोन कामं करतो.

आता नवा शब्द समोर आला की अर्थ कोणता घ्यायचा? माझ्या वर्गात मी दोन कसोट्या देते.

पहिली कसोटी ‘किती?’ या प्रश्नाची. ‘ओव्हर’ काढून टाका आणि उरलेल्या क्रियेला ‘किती?’ विचारा. किती खाल्लं, किती शिजवलं, किती भरलं, किती पैसे लावले, किती खर्च केला, किती अंदाज धरला? हे प्रश्न सहज विचारता येतात, कारण या क्रियांना माप आहे आणि ‘पुरे’ची एक जागा आहे. म्हणून ओव्हरईट, ओव्हरकुक, ओव्हरलोड, ओव्हरचार्ज, ओव्हरस्पेंड, ओव्हरएस्टिमेट यांत ‘ओव्हर’ म्हणजे प्रमाणाबाहेर. उलट ‘किती आला’, ‘किती घेतलं’, ‘किती फेकलं’ यांना तशी ‘पुरे’ची जागा नाही. म्हणून ओव्हरकम, ओव्हरटेक, ओव्हरथ्रो यांत ‘वर’ किंवा ‘पलीकडे’ शोधायचं. ‘ओव्हरथ्रो’ म्हणजे सत्तेवर बसलेल्याला उलथून टाकणं.

वेळ हेही मापच आहे हे विसरू नका. ‘ओव्हरस्लेप्ट’ म्हणजे उठायची वेळ टळून गेली. सहाचा गजर असेल आणि सातला जाग आली तर पाचच तास झोप झाली असली तरी शब्द हाच. ‘ओव्हरड्यू’ म्हणजे बिलाची तारीख उलटली. ‘ओव्हरस्टे’ म्हणजे परवानगीची मुदत संपल्यावरही राहणं. आणि ‘ओव्हरटाइम’ तर तुम्ही रोज ऐकता: ठरलेल्या तासांच्या वरचे तास. १९४८च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांची रेघ होती आणि तिच्या वरच्या कामाला दुप्पट दर. रेघ कायद्याने आखली म्हणून ‘ओव्हर’ला पैशातही अर्थ आला.

दुसरी कसोटी जोडीची. ‘ओव्हर’च्या जागी ‘अंडर’ ठेवून बघा. खरोखरचा उलटा शब्द मिळाला तर ‘ओव्हर’ म्हणजे ‘जास्त’. ओव्हरवेट-अंडरवेट, ओव्हरकुक्ड-अंडरकुक्ड, ओव्हरपेड-अंडरपेड, ओव्हरएस्टिमेट-अंडरएस्टिमेट या जोड्या जमतात. ‘अंडरलुक’, ‘अंडरहिअर’, ‘अंडरकम’ असे शब्द कोणी वापरत नाही, म्हणजे तिथे ‘जास्त’चा संबंध नाही. यात एक खड्डा आहे तो सांगून ठेवते. ‘अंडरटेक’ हा शब्द आहे, पण तो ‘ओव्हरटेक’चा उलटा नाही, त्याचा अर्थ एखादं काम अंगावर घेणं.

या कसोट्या दहातल्या आठ-नऊ वेळा चालतात, सगळीकडे नाही. ‘ओव्हरहॉल’ हा जहाजांवरच्या दोरखेचीतून आलेला शब्द आज मशीन पूर्ण खोलून दुरुस्त करण्यासाठी वापरतात. तो कसोटीला लावू नका, तसाच घ्या. ‘ओव्हररन’लाही दोन्ही अर्थ आहेत: बजेट ओव्हररन झालं म्हणजे ओलांडलं, आणि घर उंदरांनी ओव्हररन झालं म्हणजे सगळीकडे पसरले. माझ्या अनुभवात जुने, रोजचे, छोट्या क्रियापदांपासून बनलेले शब्द ‘वर-पलीकडे’ अर्थाचे असतात, आणि आजकाल बनणारे शब्द बहुतेक ‘प्रमाणाबाहेर’ अर्थाचे. ‘ओव्हरशेअर’ म्हणजे नको तितकं खासगी सांगून टाकणं, हा शब्द आपल्या डोळ्यांसमोर रुळला. म्हणून अनोळखी शब्द नवा वाटला तर ‘जास्त’ धरून चालायला हरकत नाही.

आपल्या नाशिकरोडचं एक उदाहरण द्यायला मला फार आवडतं. ‘ओव्हरप्रिंट’ म्हणजे काय? तुमच्या पहिल्या समजुतीप्रमाणे जास्त छापणं, आणि प्रती जास्त निघाल्या तर त्या अर्थानेही हा शब्द चालतो. पण तिकिटं जमवणाऱ्याला विचाराल तर तो सांगेल, छापलेल्या तिकिटावर वरून दुसरा मजकूर छापणं. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःची टपाल तिकिटं नव्हती. तेव्हा सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द वरून छापला गेला, तो नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. ती तिकिटं १ ऑक्टोबर १९४७ला निघाली आणि जगभरचे संग्राहक आजही त्यांना नाशिकची ओव्हरप्रिंट म्हणतात. ‘ओव्हर’चा जागेचा अर्थ यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता तुमच्या मेलकडे परत येऊ, कारण तिथे अजून एक गोष्ट आहे आणि कामाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. ‘ओव्हर’ क्रियापदाच्या आधी जोडला तर एक अर्थ होतो, नंतर सुटा ठेवला तर दुसरा, आणि कधी कधी अगदी उलटा. ‘ओव्हरलुक द रिपोर्ट’ म्हणजे दुर्लक्ष करा. ‘लुक ओव्हर द रिपोर्ट’ म्हणजे एकदा नजरेखालून घाला. शब्द तेच, फक्त क्रम बदलला. तुम्हाला हवा होता तो दुसरा. ‘ओव्हरटेक’ म्हणजे कसाऱ्याच्या घाटात पुढच्या ट्रकला मागे टाकणं. ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणं: एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टने काम हातात घेणं, किंवा एका कंपनीने दुसरी विकत घेणं. ‘वुई ओव्हरटुक दॅट कंपनी’ म्हणजे आम्ही त्यांना मागे टाकलं; ‘वुई टुक ओव्हर दॅट कंपनी’ म्हणजे ती आता आमची. ‘ओव्हरडू’ म्हणजे अति करणं; ‘डू ओव्हर’ म्हणजे पुन्हा करणं. तुम्ही क्वालिटीत आहात, एखादा जॉब पुन्हा करून घ्यायचाय आणि ‘ओव्हरडू’ लिहिलंत, तर ऑपरेटर नको तेवढं घासून ठेवील.

तुम्ही प्रश्नात आणखी एक वाक्य दिलंय: ‘आय ओव्हरलुक सिक्स ऑपरेटर्स.’ म्हणायचंय, सहा ऑपरेटरांवर माझी देखरेख आहे. त्यासाठी शब्द ‘ओव्हरसी’. जुन्या इंग्रजीत ‘ओव्हरलुक’ही देखरेखीच्या अर्थाने चाले, पण आज तसं लिहिलं तर सहा जणांकडे मी लक्ष देत नाही असा अर्थ निघतो. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यातले ‘ओव्हरसियर’ आठवतात का? वरून पाहणारा तो ओव्हरसियर. लॅटिनमधून तोच माणूस आला की ‘सुपरवायझर’: ‘सुपर’ म्हणजे वर, ‘व्हिडेरे’ म्हणजे पाहणं. आणि संस्कृतातून आला की ‘अधीक्षक’: ‘अधि’ म्हणजे वर, ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. तीन भाषांनी एकाच कामाला एकाच पद्धतीने नाव दिलं. वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा सुपरवायझर म्हणून काम करणारी मंडळी आपल्या हुद्द्याकडे नव्याने बघतात. या घरातला एकच शब्द जपून वापरा: ‘ओव्हरसाइट’. त्याचे दोन अर्थ आहेत, देखरेख आणि नजरचूक. मेलमध्ये ‘ड्यू टू अवर ओव्हरसाइट’ लिहिलंत तर ती चुकीची कबुली होते.

मराठीत रुळलेल्या ‘ओव्हर’च्या शब्दांबद्दल थोडं. हे शब्द आपण मराठी व्याकरणात बसवून घेतलेत आणि मराठी बोलताना ते बरोबरच आहेत. ‘ओव्हरलोड आहे’ हे लासलगावच्या कांद्याच्या ट्रकबद्दल म्हणा किंवा द्राक्षाच्या वेलीबद्दल म्हणा, सगळ्यांना समजतं. वेलीवर घड जास्त ठेवले तर मण्यांत साखर भरत नाही, म्हणून विरळणी करतात. पण इंग्रजीत लिहिताना ‘ओव्हरलोडेड’ हवं, शेवटचा ‘एड’ सोडायचा नाही. ‘तो फार ओव्हरकॉन्फिडन्स आहे’ याचं इंग्रजी ‘ही इज ओव्हरकॉन्फिडंट’. कॉन्फिडन्स हा गुण, कॉन्फिडंट तो माणूस. ‘ओव्हरस्मार्ट’ हा शब्द आपल्याकडेच चालतो, परदेशी ग्राहकाला लिहिताना टाळा. आणि मराठी बोलताना तर त्याची गरजच नाही, आपल्याकडे ‘अतिशहाणा’ आहे. ओव्हरकॉन्फिडन्ससाठी ‘फाजील आत्मविश्वास’ आहे, दुधाच्या ओव्हरफ्लोसाठी ‘उतू जाणं’ आहे. इंग्रजी शिकताना हे शब्द हाताशी ठेवा. त्यांनी अर्थ पक्का होतो.

रूपांचा नियम सोपा आहे: मूळ क्रियापद जसं चालतं तसंच ‘ओव्हर’ लागल्यावर चालतं. टेक-टुक-टेकन, म्हणून ओव्हरटुक, ओव्हरटेकन, ‘ओव्हरटेक्ड’ नाही. ईटचं एट, म्हणून ओव्हरएट. शब्द जोडूनच लिहा, मध्ये जागा सोडू नका. उच्चारात नामाला जोर ‘ओव्हर’वर, क्रियापदाला जोर पुढच्या भागावर: पाण्याचा ‘ओव्हर’फ्लो, पण पाणी ओव्हर‘फ्लो’ होतं.

‘हायपर’ आणि ‘हायपो’बद्दल मात्र नीट थांबून वाचा, कारण इथे चूक झाली तर ती तब्येतीवर जाते. ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’, वर. ‘हायपो’ म्हणजे संस्कृतातला ‘उप’, खाली. हीसुद्धा भावंडांचीच जोडी. ऐकायला जवळजवळ सारखे, अर्थाने उलटे. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर वाढलेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे कमी झालेली; एकावर जे करायचं ते दुसऱ्यावर केलं तर अनर्थ होतो. माझ्याकडे येणाऱ्या नर्सना मी सांगते की फोनवर हे शब्द बोलताना पाठोपाठ ‘शुगर वाढली’ किंवा ‘शुगर उतरली’ असं मराठीत जोडाच. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये लोक आणखी फसतात. टीएसएच वाढलेला दिसला की घरी म्हणतात, ‘हायपर’ निघालं. पण टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून थायरॉइडला जाणारा हुकूम आहे. थायरॉइड कमी काम करत असेल तर हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेला असताना आजार बहुतेक वेळा ‘हायपो’ असतो. ‘हायपर’-‘हायपो’ कशाला लावलंय, हे विचारल्याशिवाय अर्थ लावू नये. पुढचं डॉक्टर सांगतील.

‘हायपरटेन्शन’चंही असंच. मराठीत टेन्शन म्हणजे काळजी, म्हणून अनेकांना वाटतं की हा जास्त काळजीचा आजार आहे आणि मला तर काहीच टेन्शन नाही, मग गोळी कशाला? इथे टेन्शन म्हणजे ताण, रक्ताचा नळीवरचा दाब. साधारण १४०/९०च्या वर तो राहिला की हा शब्द वापरतात. एका शब्दाच्या गैरसमजातून गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आवर्जून लिहिते.

‘सुपर’ आणि ‘अल्ट्रा’ यांत फरक समजून घ्यायला ओझर जवळ आहे. तिथल्या एचएएल या विमान कारखान्यात मिग-२१ बनली, नंतर सुखोई. ही विमानं ‘सुपरसॉनिक’, म्हणजे वेग आवाजाच्या वेगापेक्षा वर, हवेत साधारण ताशी १,२३५ किलोमीटरच्या पुढे. आवाजाच्या पाचपट वेगाच्या पुढे गेलं की ‘हायपरसॉनिक’. दोन्ही तुकड्यांचा मूळ अर्थ ‘वर’च, पण शास्त्रज्ञांनी त्यांना दोन वेगळ्या पायऱ्या दिल्या. सुपरमार्केटपेक्षा मोठं ते हायपरमार्केट, हा तोच हिशेब. ‘अल्ट्रा’ या घरातला नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पलीकडे’. ‘अल्ट्रासॉनिक’ वेगाबद्दल नसतंच. माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडचा, सेकंदाला २०,००० कंपनांच्या पुढचा आवाज. सोनोग्राफी त्यावर चालते. ‘अल्ट्राव्हायोलेट’ म्हणजे जास्त जांभळं नाही, जांभळ्यापलीकडचं, जे डोळ्याला दिसत नाही. मराठीत आपण त्याला अतिनील म्हणतो, आणि इथेही ‘अति’ म्हणजे पलीकडेच. रंगाच्या दुकानातला ‘अल्ट्रामरीन’ निळा म्हणजे समुद्रापलीकडून आलेला; अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड युरोपात पोचला त्याची आठवण त्या नावात राहिली आहे.

आता यादीबद्दल. किती शब्द शिकायचे हे तुम्हाला कशासाठी हवेत त्यावर अवलंबून आहे. बँकेची किंवा स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर मोठी यादी घ्यावी लागेल, तिथे इलाज नाही. दवाखान्यातलं काम असेल तर आधी हायपर-हायपो. तुम्हाला मेल आणि रिपोर्ट लिहायचेत, म्हणून माझ्या मते वीसेक शब्द पुरतील: ओव्हरलुक, ओव्हरसी, ओव्हरसाइट, ओव्हरड्यू, ओव्हरलोड, ओव्हरहीट, ओव्हरसाइझ, ओव्हरचार्ज, ओव्हरहॉल, ओव्हररन, आणि तुमच्याच ड्रॉइंगमध्ये व मेलमध्ये जे दिसतील ते. वहीत तीन पानं करा. एकावर ‘वर’, दुसऱ्यावर ‘पलीकडे’, तिसऱ्यावर ‘प्रमाणाबाहेर’ असं लिहा. शब्द भेटला की ‘किती?’ विचारून तो कोणत्या पानावर जातो ते ठरवा आणि खाली तुमच्या कामातलं एक वाक्य लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका. ‘द स्पिंडल ओव्हरहीटेड इन द सेकंड शिफ्ट’ हे तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं वाक्य विसरत नाही. एखादा शब्द दोन पानांवर बसला तर दोन्हीकडे लिहा. ज्या शब्दावर अडलात त्यावरच जास्त वेळ द्या, सोपे लगेच सोडा.

साहेब चारचौघांत बोलले त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण त्या ग्राहकाशी तुमचं काम पुढेही चालणार आहे, म्हणून पुढच्या रिपोर्टसोबत हे वाक्य पाठवा: ‘प्लीज लुक ओव्हर द अटॅच्ड रिपोर्ट अँड लेट अस नो इफ वुई हॅव ओव्हरलुक्ड एनीथिंग.’ म्हणजे, सोबतचा रिपोर्ट नजरेखालून घाला आणि आमच्याकडून काही राहून गेलं असेल तर कळवा.